सर्पगंधेपासून सेरोटोनिनपर्यंत : मेंदूतील एका ग्राहीचा मागोवा

माध्यमिक वर्गात चेतासंस्था शिकवताना आपण फळ्यावर दोन चेतापेशी काढतो. दोहोंमध्ये एक बारीकशी फट ठेवतो आणि सांगतो की, विद्युत संदेश या फटीपाशी येऊन थांबतो व तेथून पुढे एक रासायनिक पदार्थ त्याला पलीकडे नेतो. पाठ्यपुस्तक बहुधा येथेच थांबते. एखादा चौकस विद्यार्थी मात्र थांबत नाही. फटीत आलेला पदार्थ नेमका कोणता, हे पलीकडच्या पेशीला कळते कसे, असे तो विचारतो. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता विसाव्या शतकाचा बराच भाग खर्ची पडला, आणि मनाच्या आजारांवरील आजची बहुतेक औषधे त्या शोधातूनच हाती आली. या कथेतील काही महत्त्वाची पाने आपल्या महाराष्ट्रात, मुंबईत लिहिली गेली आहेत. त्यांपैकी सर्वांत अलीकडची पाने कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेतील आहेत. लहानपणी सोसलेला ताण मोठेपणी मेंदूत कोठे टिकून राहतो, हा त्यांच्या कामाचा गाभा असल्याने शिक्षकांनी ते जाणून घ्यावे असे आम्हांला वाटते.

मण्यारीच्या विषाने पकडलेला ग्राही

केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँगली यांनी १९०५ साली कोंबडीच्या स्नायूंवर निकोटिन आणि क्युरारे या दोन पदार्थांचे परिणाम तपासले. एकाने स्नायू आकुंचन पावतो, दुसऱ्याने ते आकुंचन थांबते. दोन्ही पदार्थ स्नायूतील एकाच कशावर तरी बसत असले पाहिजेत, असा त्यांनी तर्क केला व त्या अज्ञात गोष्टीला ‘ग्रहणशील पदार्थ’ म्हटले. आज आपण त्याला ग्राही म्हणतो. इंग्रजीतील शब्द रिसेप्टर. कुलपाचे छिद्र ठरावीक किल्लीलाच दाद देते, तसा पेशीच्या पृष्ठभागावरचा हा प्रथिनाचा रेणू ठरावीक रेणूंनाच दाद देतो.

पुढची साठ-पासष्ट वर्षे ग्राही हा केवळ तर्कच राहिला. तो प्रत्यक्ष हाती लागला तो एका सापामुळे. गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात मण्यार कोणाला ठाऊक नाही? पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री दंश करते, दंशाची जागा फारशी दुखतही नाही, आणि पहाटेपर्यंत पापण्या मिटू लागतात, श्वास अडखळू लागतो. मण्यारीच्या विषातील एक घटक स्नायूवरच्या ग्राहीला घट्ट चिकटून बसतो व चेतातंतूचा संदेश स्नायूला मिळेनासा होतो. तैवानमधील मण्यारीच्या विषातून असा घटक १९६३ साली वेगळा करण्यात आला. १९७० साली फ्रान्समधील शाँजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचाच गळ वापरून विजेच्या ईल माशाच्या ऊतींतून ॲसिटिलकोलीनचा ग्राही वेगळा काढला. जे विष मारते तेच ग्राहीचा पत्ता सांगते, ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. तिच्याबरोबर हेही सांगावे की, मण्यार चावल्यावर झाडपाला न करता तडक रुग्णालय गाठायचे. सर्पगंधा नावात सर्प असला तरी ती विषावरचा उतारा नाही.

सर्पगंधेने उघडलेले दार

सर्पगंधेचे खरे महत्त्व वेगळेच आहे. बिहारमध्ये तिच्या मुळीला ‘पागल की दवा’ म्हणत. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो, असे वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइडे वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलिन हे नाव दिले. पण ही माहिती जगापुढे ठसठशीतपणे गेली ती मुंबईहून. केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी अतिरक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेची पद्धतशीर चाचणी घेतली व १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिचा वृत्तान्त छापला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५२ साली, स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतील मुख्य गुणकारी द्रव्य वेगळे केले. ते रेसर्पिन. १९५४ साली न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड मनोरुग्णालयातील नेथन क्लाइन यांनी सर्पगंधेने मनोरुग्ण शांत होतात असे नोंदवले. १९५७ सालचे लास्कर पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले त्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते.

येथपर्यंतची कथा औषधाची आहे. पुढची कथा औषधाने विचारलेल्या प्रश्नाची आहे, आणि ती आम्हांला अधिक मोलाची वाटते.

सेरोटोनिन हा पदार्थ १९४८ साली अमेरिकेत रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी रक्तद्रवातून वेगळा केला होता. रक्तवाहिन्या आकुंचित करणारा एक पदार्थ, एवढीच त्याची ओळख. १९५३ साली बेटी ट्वॅरोग या तरुण संशोधिकेने तो सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असल्याचे दाखवले. १९५५ साली ब्रॉडी, शोर व प्लेट्शर यांना आढळले की, रेसर्पिन दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन संपून जाते. मन शांत करणारे औषध आणि मेंदूतील एका रसायनाचे प्रमाण यांचा असा थेट संबंध तोपर्यंत दिसला नव्हता.

हे कसे घडते, ते आपल्याकडचाच दाखला घेऊन समजावता येईल. गोंदिया म्हणजे राइस मिलचे गाव. गिरणीत तांदूळ पोत्यांत भरून ठेवतात. मागणी आली की पोते दारात रिकामे होते. चेतापेशीच्या टोकाशी अशीच सूक्ष्म पोती असतात व त्यांत सेरोटोनिन भरलेले असते. रेसर्पिन ही पोती भरू देत नाही. उघड्यावर पडलेला तांदूळ उंदीर फस्त करतात, तसे पोत्याबाहेर राहिलेले सेरोटोनिन पेशीतील एक विकर मोडून टाकते. आता उंदरांचाच बंदोबस्त केला तर? क्षयरोगावरील इप्रोनायाझिड या औषधाने नेमके हेच होते, आणि ते घेणारे क्षयरोगी अनपेक्षितपणे उल्हसित दिसू लागल्याचे १९५२ च्या सुमारास लक्षात आले. तिसरा मार्ग म्हणजे दारात सांडलेला तांदूळ पुन्हा आत ओढून नेण्याची वाट बंद करणे. फ्लुओक्सेटिन हे औषध असे काम करते. अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस त्याला मान्यता मिळाली आणि आज ते तालुक्याच्या औषध दुकानातही असते. दाखला मात्र इथवरच ताणावा. ग्राहकाच्या हातात तांदूळ पडल्यावर त्याच्या घरी काय शिजते, हे गिरणीत बसून कळत नाही. तेच ग्राहीचे काम.

रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता येते असे दिसल्यावरून ‘सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य’ असे सोपे समीकरण रूढ झाले. ते आजही वर्तमानपत्री लेखांत आढळते. परंतु औषध घेतल्यावर फटीतील सेरोटोनिन काही तासांत वाढते, आणि रुग्णाला आराम पडू लागायला मात्र काही आठवडे लागतात. समीकरण खरे असते तर ही दिरंगाई का? २०२२ साली या विषयावरील अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कमतरतेच्या कल्पनेला पुरेसा आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. औषधांचा उपयोग होत नाही असा याचा अर्थ नाही. उपयोग होतो तो वेगळ्या आणि लांबच्या वाटेने होत असावा.

दोन गोरेगावे आणि खाजकुइली

रेसर्पिनमुळे आणखी एक दार उघडले. स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिन देऊन निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचले. कान पाडून बसलेले ससे थोड्याच वेळात हालचाल करू लागले. डोपामिन हे स्वतंत्र चेतापारेषक आहे आणि कंपवातात तेच घटलेले असते, हे ज्ञान या सशांपासून सुरू झाले. कार्लसन यांना त्यासाठी २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आता गंमत पाहा. हेच एल-डोपा मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच एका भारतीय बीतून वेगळे केले होते. ती बी खाजकुइलीची. शेंगेवरच्या कुसळांनी अंग खाजवून बेजार झालेल्या मुलांना ही वेल चांगली ठाऊक असते! त्या खाजेचे कारण कुसळांतील एक प्रथिनभंजक विकर आहे, आणि तेही त्वचेतील ग्राहींमार्फतच काम करते.

खाजकुइलीच्या बियांची पूड कंपवाताच्या रुग्णांना देऊन तिचा परिणाम तपासण्याचे काम मुंबईत डॉ. अशोक वैद्य यांनी केले. त्यांच्याबरोबर चेतारोगतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया होते. त्यांचा निबंध १९७८ साली न्यूरॉलॉजी इंडियात आला. पारंपरिक वापरापासून सुरुवात करून, रुग्णांवरील काटेकोर निरीक्षण घेऊन, मग प्रयोगशाळेत कार्यकारणभाव शोधायचा, असा उलट्या दिशेचा मार्ग वैद्य यांनी पुढे आग्रहाने मांडला. सर्पगंधेचाही प्रवास असाच झाला होता, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

त्या काळात मुंबईत मनाच्या औषधांवर मूलभूत काम करणारे एक ठिकाण होते. बाझेलच्या ज्या सिबा कंपनीने रेसर्पिन वेगळे केले, तिनेच १९६३ साली गोरेगावला संशोधन केंद्र काढले. हे गोरेगाव मुंबईचे, आपल्या गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे गोरेगाव नव्हे. केंद्राचे संचालक रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी होते. तेथे तयार झालेले नायट्रॉक्सॅझेपिन हे नैराश्यावरील औषध सिंटामिल या नावाने आपल्या देशात विकले गेले. भारतात शोधलेल्या आणि बाजारात पोचलेल्या औषधांची यादी फार मोठी नाही. त्यामुळे हे नाव विसरले जाऊ नये.

डॉ. अशोक वैद्य आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञ डॉ. रमा वैद्य यांची कन्या म्हणजे विदिता वैद्य. घरात आई-वडील दोघेही रुग्ण तपासणारे व संशोधनही करणारे, काका अखिल वैद्य मलेरियाच्या परजीवीवर काम करणारे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात जीवशास्त्र व जीवरसायनशास्त्र शिकून त्या अमेरिकेत येल विद्यापीठात गेल्या.

येल : दिरंगाईचे कोडे

येलमध्ये त्यांचे मार्गदर्शक रोनाल्ड ड्यूमन होते. औषधाला आठवडे का लागतात, या कोड्याभोवतीच ड्यूमन यांचे काम फिरत होते. त्यांच्या गटाने १९९५ साली दाखवले की, नैराश्यावरील औषधे दीर्घकाळ दिल्यास उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफ या प्रथिनाची निर्मिती वाढते. हिप्पोकॅम्पस हा स्मृती आणि भावना यांच्याशी निगडित भाग. बीडीएनएफ हे चेतापेशींना जगवणारे, त्यांच्या फांद्या वाढवणारे द्रव्य. ताणाखाली ते घटते. म्हणजे औषधाचे काम केवळ रसायनाची भर घालण्याचे नसून पेशींची डागडुजी सुरू करण्याचे असावे, आणि डागडुजीला वेळ लागणारच.

सेरोटोनिनच्या कोणत्या ग्राहीमार्फत बीडीएनएफवर परिणाम होतो, हा प्रश्न विदिता वैद्य यांच्या वाट्याला आला. हे समजण्यासाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांपैकी सेरोटोनिन तयार करणाऱ्या जेमतेम काही लाख. त्या मेंदूच्या देठात एकवटलेल्या आहेत आणि त्यांचे तंतू जवळजवळ सर्व मेंदूभर पसरलेले आहेत. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन तर आतड्यात असते. एवढासा पदार्थ भूक, झोप, वेदना, चिंता अशा इतक्या गोष्टींत ढवळाढवळ कशी करतो? उत्तर ग्राहींच्या विविधतेत आहे. गिनीपिगच्या आतड्यावर काम करताना गॅडम आणि पिकारेली यांना १९५७ सालीच सेरोटोनिनचे दोन प्रकारचे ग्राही असल्याचे कळले होते. आज सस्तन प्राण्यांत सात कुळांतले चौदा प्रकार ज्ञात आहेत. किल्ली एक, कुलपे चौदा. आणि प्रत्येक कुलपामागची खोली निराळी. यांतील ‘२ए’ या नावाचा ग्राही विशेष गाजलेला आहे, कारण एलएसडीसारखी भ्रम निर्माण करणारी द्रव्ये मुख्यतः त्याच्याच मार्फत काम करतात.

वैद्य, मारेक, अघाजानियन व ड्यूमन यांचा १९९७ सालचा निबंध याच ग्राहीविषयी आहे. २ए ग्राहीला चेतवणारे द्रव्य दिले असता उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफचा संदेशवाहक आरएनए घटला, तर मेंदूच्या बाह्यकात मात्र वाढला. एकच ग्राही, एकच द्रव्य, आणि शेजारच्या दोन भागांत उलट परिणाम! पुढे १९९९ साली त्यांनी दाखवले की, ताणामुळे हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफ घटण्यात २ए ग्राहीचा हात आहे. ग्राही आधीच अडवला तर ती घट बऱ्याच अंशी टळते. ‘सेरोटोनिन म्हणजे आनंदाचे रसायन’ या वाक्याला यापेक्षा नेमके उत्तर आमच्या पाहण्यात नाही.

कुलाबा : लहानपणाचे दोन आठवडे

स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्था आणि ऑक्सफर्ड येथे काही काळ काम करून वैद्य २००० साली मुंबईत परतल्या व टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या. होमी भाभांनी १९४५ साली सुरू केलेल्या या संस्थेची ओळख भौतिकी आणि गणितासाठी. पण १९६२ पासून ओबेद सिद्दिकींनी तेथे जीवशास्त्राचाही पाया घातला होता.

सुरुवातीची वर्षे नॉरॲड्रेनॅलिन या दुसऱ्या पारेषकावरील कामात गेली. हे पारेषक नाहीसे केले की प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जन्मण्याचे प्रमाण घटते, हे २००२ साली त्यांच्या गटाने प्रसिद्ध केले. २०१० साली आणखी एक लक्षवेधी निष्कर्ष आला. इमिप्रामिन या जुन्या औषधासोबत योहिंबिन दिले, तर औषधाचे परिणाम उंदरांत लवकर दिसू लागतात. योहिंबिन आफ्रिकेतील एका झाडाच्या सालीतून मिळते आणि रसायनाच्या दृष्टीने रेसर्पिनच्याच नात्यातले आहे. येलमधल्या दिरंगाईच्या कोड्याला हा एक हात लावलेला होता.

परंतु या प्रयोगशाळेचे सर्वांत दूरगामी काम बालपणाविषयी आहे.

प्रयोगाची रीत अशी. उंदराची पिल्ले जन्मल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास आईपासून दूर ठेवायची. नंतर काहीच करायचे नाही. ती इतर पिल्लांसारखीच वाढतात. मोठी झाल्यावर त्यांना जमिनीपासून उंचावर ठेवलेल्या, अधिकच्या चिन्हासारख्या मार्गिकेवर सोडायचे. तिच्या दोन बाजूंना भिंती असतात, दोन बाजू उघड्या. उंदराला अंधारी, बंदिस्त जागा आवडते, पण नवी जागा हुंगून पाहण्याचीही ओढ असते. तो उघड्या बाजूवर किती वेळ घालवतो यावरून त्याची चिंता मोजतात. लहानपणी आईपासून दुरावलेले उंदीर अधिक वेळ भिंतींच्या आडोशाला राहतात. येथपर्यंतचे ज्ञान इतर प्रयोगशाळांतूनही मिळालेले होते. मधल्या काळात मेंदूत काय टिकून राहिले, हा वैद्य यांचा प्रश्न होता.

मधुरिमा बेनेकारेड्डी या विद्यार्थिनीने कॅनडातील एव्हलिन लॅम्ब यांच्या गटाच्या साहाय्याने अशा मोठ्या झालेल्या उंदरांच्या मेंदूचा अग्रभाग तपासला. तेथील पेशी २ कुळातील ग्राहींमार्फत सेरोटोनिनला नेहमीपेक्षा अधिक जोराने प्रतिसाद देत होत्या. हा निबंध २०१० चा. पुढच्याच वर्षीचा प्रयोग निर्णायक म्हणावा असा आहे. पिल्ले आईपासून दूर असलेल्या त्याच दिवसांत त्यांना केटान्सेरिन, म्हणजे २ कुळातील ग्राही अडवणारे द्रव्य, दिले गेले. ती पिल्ले मोठेपणी चिंताग्रस्त झाली नाहीत. केटान्सेरिनही काही देशांत रक्तदाबावर वापरले गेलेले औषध. सर्पगंधेप्रमाणे तेही रक्तवाहिन्यांतून मेंदूच्या अभ्यासात आले.

येथे शंका घेता येते. ग्राही अडवल्यावर चिंता टळली म्हणजे ग्राहीच कारण, असे सिद्ध होते का? वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा; कार्यकारणभावाचा तो उत्तम धडा आहे. उत्तरासाठी उलटा प्रयोग हवा. तो २०१४ साली झाला. आईपासून न दुरावलेल्या पिल्लांना त्या कोवळ्या दिवसांत २ कुळातील ग्राही चेतवणारे द्रव्य दिले, तेवढ्यानेच ती मोठेपणी चिंताग्रस्त निघाली. त्याच वयात फ्लुओक्सेटिन दिलेली पिल्लेही तशीच निघाली, आणि सोबत ग्राही अडवला तर नाही. जे औषध प्रौढाची चिंता कमी करते, तेच अगदी कोवळ्या वयात चिंता पेरते.

२०२० साली यापुढचे पाऊल पडले. निसर्गात नसलेला, केवळ एका कृत्रिम द्रव्यालाच दाद देणारा ग्राही जनुकीय तंत्राने उंदरांच्या मेंदूच्या अग्रभागातील ठरावीक चेतापेशींत बसवण्यात आला. चेतवल्यावर पेशीच्या आत जी संदेशवाट २ए ग्राही उघडतो, तीच हा ग्राहीही उघडतो. दुसऱ्या ते चौदाव्या दिवसांत तो चेतवला, तर मोठेपणी चिंता आणि हताशा. किशोरवयात किंवा प्रौढपणी तितकेच दिवस चेतवला, तर असा टिकाऊ परिणाम नाही. म्हणजे कोणता ग्राही याइतकेच, कोणत्या वयात, यालाही महत्त्व आहे.

या निष्कर्षांना शिक्षक मंडळी लगेच आपल्या वर्गाशी जोडतील. मोह स्वाभाविक आहे, पण हात थोडा आवरता घ्यावा. देवरी-सालेकसा भागातील आश्रमशाळांत सहाव्या-सातव्या वर्षी घर सोडून आलेली मुले आपण पाहतो. आई-वडील कामासाठी बाहेरगावी गेल्याने आजीपाशी राहणारी मुलेही पाहतो. उंदराचे पहिले दोन-तीन आठवडे मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने माणसाच्या गर्भारपणाचे शेवटचे महिने आणि तान्हेपण यांच्याशी ढोबळमानाने जुळतात, शाळेच्या वयाशी नव्हे. शिवाय माणसाच्या तान्ह्या बाळाभोवती आजी, मावशी, शेजार असतो. पिंजऱ्यातल्या पिल्लाला एकटी आईच. गर्भवतीने डॉक्टरांना न विचारता नैराश्याचे औषध बंद करावे, असाही या प्रयोगांचा अर्थ काढता कामा नये. उपचाराविना राहिलेले नैराश्य आई आणि बाळ दोघांनाही घातक असते.

चित्र एकसुरीही नाही. २०१३ सालच्या अभ्यासात या गटाला असे आढळले की, लहानपणी ताण सोसलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ऐन तारुण्यात नव्या पेशी आणि बीडीएनएफ उलट वाढलेले होते, व काही परीक्षांत ते सरसही ठरले. घसरण दिसली ती मध्यमवयात. लवकर प्रौढ झालेली, संकटात चटपटीत वागणारी मुले आपण पाहतो. त्यांच्या चटपटीतपणाचा हिशेब कधी चुकता होतो, याचे उत्तर उंदीर देणार नाहीत. पण प्रश्न त्यांनी नक्कीच उभा केला आहे.

पेशीची वीज आणि पुन्हा तोच ग्राही

२ए ग्राहीवर केवळ दोषारोप करणेही बरोबर होणार नाही. २०१९ साली वैद्य आणि त्याच संस्थेतील उल्लास कोल्थुर-सीताराम यांच्या गटांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत एक निबंध प्रसिद्ध केला. बाह्यकातील चेतापेशींना सेरोटोनिन दिले की त्यांत नव्या तंतुकणिका तयार होतात, ऊर्जेचे चलन असलेले एटीपी वाढते, आणि घातक ताणाखाली पेशी अधिक तग धरतात. हे घडते २ए ग्राहीमार्फतच. तंतुकणिकेला पेशीचे वीजघर म्हणायचे आपण वर्गात शिकवतोच. चेतापारेषक हे वीजघर वाढवू शकते, हे मात्र नवे होते. सेरोटोनिन हे संदेशाचे रसायन होण्याच्या कितीतरी आधी जीवसृष्टीत अवतरलेले आहे. चेतासंस्था नसलेल्या वनस्पतींतही ते असते. निबंधाच्या लेखकांत अशोक वैद्य यांचेही नाव आहे. खाजकुइलीपासून निघालेले वडील आणि २ए ग्राहीपासून निघालेली मुलगी येथे एका निबंधात भेटतात. या एकंदर कामासाठी विदिता वैद्य यांना २०१५ साली शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक आणि २०२२ साली इन्फोसिस पारितोषिक मिळाले.

२०२४ साली न्यूरॉन या पत्रिकेत त्यांच्या गटाचा आणखी एक निबंध आला. येलमध्ये १९९७ साली वापरलेले, २ए ग्राहीला चेतवणारे डीओआय हे द्रव्यच येथे पुन्हा आहे. माणसात ते भ्रम निर्माण करते आणि औषध म्हणून त्याला मान्यता नाही. मात्र प्रौढ उंदरांना त्याची एक मात्रा दिली की ते मार्गिकेच्या उघड्या बाजूंवर अधिक वेळ फिरू लागतात, म्हणजे त्यांची चिंता उतरते. मेंदूत हे कोठे घडते, याचा माग काढताना प्राची तिवारी आणि सहकारी हिप्पोकॅम्पसच्या खालच्या भागापर्यंत पोचले, आणि तेथेही पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या, शेजारच्या पेशींना आवर घालणाऱ्या मोजक्या पेशींपर्यंत.

तोच ग्राही कोवळ्या वयात वारंवार चेतवला तर आयुष्यभराची चिंता मागे ठेवतो, आणि प्रौढपणी चेतवला तर चिंता उतरवतो. पार्व्हाल्ब्युमिनच्या या आवर घालणाऱ्या पेशी जन्मानंतर बऱ्याच उशिरा पक्व होतात. उंदराच्या पिल्लात दुसऱ्या आठवड्याअखेर त्यांचे काम अजून पुरते मार्गी लागलेले नसते. दोन टोकांच्या परिणामांमागे हीच गोष्ट आहे की आणखी काही, हा आता पुढचा प्रश्न आहे.